ट्यूबातलं पाणी

लेक गेली आणि तिचा ट्यूबा आम्ही जुन्या वाद्यांच्या दुकानात देऊन टाकला. एवढा मोठा पितळी बाजा घरात मुका पडलेला बघवेना. वर्षभराने आमच्या हिने तो परत आणायचा ध्यास घेतला.

दुकानात एकाच घडणीचे दोन ट्यूबा होते. ज्यांवरून आमचा ओळखला असता, ते पोचे दुकानदाराने ठोकून सरळ केले होते.

“काकू, जुळी भावंडं आहेत. कुठलाही न्या.”

“पोटचं पोर कुठलंही नेतात का रे?”

वाजवताना श्वासाची वाफ आत साठून तिचं पाणी होतं. ते काढायचा लेकीला भारी कंटाळा. त्यावरून ती रोज हिची बोलणी खायची. हिने पहिल्या ट्यूबाची पाण्याची कळ दाबली. आत थेंबही नव्हता.

“दोन्ही धुऊन सुकवलेत, काकू. वर्षभर कुणी तोंड लावलेलं नाही.”

दुसऱ्याची कळ दाबताच हिच्या ओंजळीत पाणी आलं. हिने माझा हात ओढून त्याखाली धरला. पाणी कोमट होतं.

“आत्ताच खाली ठेवलाय तिनं,” ही म्हणाली आणि दुकानभर लेकीला शोधू लागली.

दुकानदार हसला नाही. तो मागच्या खोलीच्या दाराकडे बघत होता.