रक्षाची ऊब

“थंडी? एवढ्याश्या पोरीले थंडी करणार?” धुरपताबाईंनी नातीला छातीशी घट्ट धरलं. “सव्वा मह्यना बाजेखाली शेगडी ठेवून जपली हिले. नाई देत मी. चाल रोशनी, घरी.”

ऑपरेशन थिएटरच्या दाराशी सिस्टर हात पसरून उभी होती. नऊ महिन्यांची रक्षा रडली की तिचे ओठ निळे पडायचे. हृदयातलं छिद्र बुजवायचं, तर हृदय घडीभर थांबवावं लागतं आणि तेवढा वेळ अंग थंड ठेवावं लागतं, हे डॉक्टरांनी कालच सांगितलं होतं. सासूला सांगायचं रोशनीच्या जिवावर आलं होतं; ते आत्ता सिस्टरच्या तोंडून निघालं.

आतून अंकिता आली. ऑपरेशन चालू असताना रक्त फिरवणारं मशीन तीच सांभाळायची.

“आजी, दूध निववायले तुम्ही काय करता?”

“वाटी पाण्यात ठेवतो. कोनीबी ठेवते.”

“मंग दुधात पाणी जाते का?”

“काऊन जाईन?”

“तसंच हाये हे. आमच्या मशीनमधी बारीक नळ्या हायेत. नळीत पाणी, बाहेरून रक्त. एकमेकाले शिवत नाईत. ऊब तेवढी इकडून तिकडं जाते. काम झालं का पाणी गरम करतो, मंग रक्त बी ऊन होते अन् पोरगी बी.”

“अन् नळी गळली त?”

“सकाळीच पाणी फिरवून पायलं. थेंब नाई गळला.”

धुरपताबाई हळूच म्हणाल्या, “हिची ऊब त्या पाण्यात जाईन. ते पाणी फेकू नोका, बाई.”

“नाई फेकत, आजी. तेच गरम करून हिले वापस देतो.”

सासूनं रोशनीकडे पाहिलं. “तू माय हायेस. तू सांग.”

“द्या, आई,” रोशनी म्हणाली. धुरपताबाईंनी नातीला सिस्टरच्या हातात ठेवलं.

दिवस कलताना दोघींना आत बोलावलं. नळ्यांच्या जंजाळात रक्षा निजली होती. ओठ गुलाबी. रोशनीनं तिच्या तळपायाला बोट लावलं. ऊन होता.

धुरपताबाई मागेच थांबल्या होत्या.

“लावा ना हात, आई.”

“थांब वं. एसीत बसून बसून माये हात थंडे पडले. पोरीले लागन.”

भाजी तोडून खरखरीत झालेले ते हात रोशनीनं आपल्या दोन्ही तळव्यांत घेतले.

“धरून राह्य घडीभर,” सासू म्हणाली.