जागच्या जागी

आजी गेल्यावर आजोबा पार मिटून गेले, म्हणून सुनेने त्यांना सोबतीला मांजराचं आंधळं पिल्लू आणलं. पहिल्याच दिवशी ते टीपॉयवर डोकं आपटून बसलं. मग सुनेने कंबरच कसली. टेबलांच्या कोपऱ्यांना स्पंज चिकटवला, गॅलरीला जाळी ठोकून घेतली, डोळ्यांत औषधाचे थेंबही तीच घालायची.

आजीचं शिलाई मशीन कुणाला तरी देऊन टाकायचं ठरलं होतं. सुईखाली उशीचा अर्धा शिवलेला अभ्रा तसाच होता. पण जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी बजावलं, “त्याला आता घर पाठ होतंय. एकही वस्तू जागची हलवू नका.” मशीन राहिलं. पिल्लू रोज त्याच्या पायांना अंग घासत आजोबांच्या मांडीवर यायचं.

आज तपासणीला आजोबा एकटेच गेले. डॉक्टरीणबाईंनी बोट इकडून तिकडे फिरवलं, तशी पिल्लाची मानही फिरली.

“अहो आजोबा, औषध लागू पडलं! दिसायला लागलंय की याला!”

आजोबांनी पिल्लाचा मुका घेतला. वाटेत मात्र त्यांची पावलं जड होत गेली.

सून दारातच उभी होती. “काय म्हणाल्या हो बाबा? काही फरक?”

आजोबांनी पिल्लाचं तोंड स्वेटरच्या आत घेतलं आणि घरात येत मशीनवर हात टेकला.



“नाही गं पोरी. वस्तू हलवू नका म्हणाल्या.”