पासवर्डचं कलम

होस्टेलवरून उचलून आणलेली वकिलीची विद्यार्थिनी फौजदारासमोर मान खाली घालून, पण ठसक्यात बसली होती. मोर्चा काढणाऱ्या अकरा मित्रांची नावं तिच्या मोबाइलमध्ये होती आणि मोबाइल फौजदाराच्या हातात.

"पासवर्ड सांगायची सक्ती तुम्हाला करता येत नाही. कलम सांगू?"

"अगं बाई, सक्ती कोण करतंय? चहा आलाय, घे."

चहासाठी तिने मान वर केली, तेवढ्यात त्याने मोबाइल तिच्या तोंडासमोर धरला. मालकिणीचा चेहरा बघून मोबाइल मुकाट उघडला.

"हे बेकायदेशीर आहे!"

"तुझे प्राध्यापकही अस्सेच ओरडले," फौजदार नावं उतरवत म्हणाला. "पण ते निदान दोन तास डोळे घट्ट मिटून बसले होते. मगच तुझं नाव मिळालं."