आधी कोण बोलणार

“आधी तू बोल,” काका म्हणाले.

टेस्टिंगच्या खोलीत हाच नियम होता. थोरल्याने आधी तोंड उघडलं की धाकट्याची जीभ मिंधी होते, असं काकांचं म्हणणं. वाइन आयात करणाऱ्या त्या कंपनीचे ते मुख्य टेस्टर. ती त्यांची सहायक. गेली सहा वर्षं तीच आधी बोलत आली होती.

तिने ग्लास तिरका धरून पांढऱ्या कागदावर रंग पाहिला. स्पेनची लाल वाइन, दोन जातींच्या द्राक्षांचं मिश्रण. चव कशी आहे आणि सोबत काय खावं, याचं कार्ड दुपारी छापायला जायचं होतं. तिने ग्लास गोल फिरवला, नाक आत घातलं आणि मनात तीनपर्यंत मोजलं.

काहीच नाही. एकवीस दिवसांपूर्वी ताप उतरला आणि जाताना वास घेऊन गेला. आज सकाळी दूध करपलं तेव्हा ती गॅसपाशीच उभी होती. ओरडल्या त्या बाहेरच्या खोलीतून सासूबाई. लक्ष नव्हतं, असं तिने घरी सांगितलं. इथे तेवढ्यावर भागणार नव्हतं. वास न येणारी टेस्टर कुठलीही कंपनी ठेवत नाही.

जीभ शाबूत होती. आंबटपणा मध्यम, तुरटपणा भरपूर, घशात ऊब. एवढं तिला नक्की सांगता येत होतं. उरलेलं तिने गेल्या वर्षीच्या कार्डावरून पाठ केलं होतं.

“पिकलेली चेरी,” ती म्हणाली. “मागून काळी मिरी. शेवटी थोडं चामडं.”

काकांनी डोळे मिटून वास घेतला. नाकपुड्या फुलल्या.

“चामडं बरोबर,” ते म्हणाले. “चेरी मात्र जरा जास्तच पिकलेली.”

तिने ‘जास्त पिकलेली’ असं लिहून घेतलं.

कंपनीच्या आचाऱ्याने तीन बशा आणून मांडल्या. मंद आचेवर शिजवलेलं मटण, भाजलेली ढोबळी मिरची, मेंढीच्या दुधाचं जुनं चीज.

“काका, आज तरी वरून तिखट मागू नका,” तो म्हणाला.

“तुझ्या हाताला चव नाही, त्याला मी काय करू?”

तिने मटणाचा घास घेतला, त्यावर वाइनचा घोट. चरबीने तुरटपणा मऊ पडला. हे पाठ केलेलं नव्हतं, जिभेला खरंच जाणवलं होतं. तिने मटणापुढे बरोबरची खूण केली. चीजपुढेही केली. मिरचीपाशी काकांकडे पाहिलं. काका तिच्याकडेच बघत होते. तिने फुली मारली. काकांनी मान डोलावली आणि कार्डावर सही केली.

“उरलेली रश्शात घालतो,” म्हणत आचाऱ्याने बाटली उचलली, नाकाशी नेली आणि लगेच खाली ठेवली.

“ताई, ह्याला भिजलेल्या पुठ्ठ्याचा वास मारतोय. बूच खराब आहे ह्याचं.”

त्याने पुन्हा एकदा वास घेतला.

“एरवी माझ्या लसणाला नाकं मुरडता दोघं. आणि ही बाटली पास?”

“तू जा,” काका म्हणाले. “रस्सा बघ.”

तो गेला. तिने पेन बंद करून कार्डावर आडवं ठेवलं. सबबी तयार होत्या: सर्दी, झोप झाली नाही, सासूबाईंची तब्येत. त्यातली एकही तिने वापरली नाही.

“काका, मला वास येत नाही. तापानंतर गेला.”

“किती दिवस झाले?”

“एकवीस.”

काका उठले. दार लावून घेतलं. कपाटातून त्याच वाइनची दुसरी बाटली काढली, बूच ओढलं आणि सवयीने नाकाशी धरलं.

“माझा जाऊन अकरा वर्षं झाली,” ते म्हणाले.

मग बूच टेबलावर ठेवून त्यांनी तीन ग्लास मांडले.

“त्याला परत हाक मार. आजपासून आधी तो बोलेल.”