डावा दिवा

महिन्याभरात काका तिसऱ्यांदा गॅरेजात आले, तेव्हा मिस्त्रीने कपाळाला हात लावला. काकांची जुनी स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की झोपेतून डोळे उघडावेत तसे बॉनेटमधून दोन दिवे वर येणारी.

"अरे, डावा अजून वरच बघतोय. समोरून येणारे शिव्या घालतात. मुलगा म्हणतो, या खेपेला नाही जमलं तर विकून टाका. गाडी गेली तर मी घरात नुसता भिंती बघत बसेन रे."

"जपाला बसली असेल बिचारी, देवाकडे डोळे लावून," मिस्त्री थकल्या आवाजात म्हणाला आणि कुरकुरणारे गुडघे सांभाळत पुन्हा खाली बसला. दिव्यामागचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत त्याने दोन्ही झोत समोरच्या भिंतीवर खडूने मारलेल्या रेघेवर आणले. केसाचाही फरक उरला नाही.

"बघा काका, मागच्या दोन्ही वेळेला असेच होते. वीस वर्षं बघतोय मी ही गाडी. रिकाम्या गाडीत मी दिवे जुळवतच नाही. ही बघा आत वाळूची दोन पोती. तुमच्या वजनाचं उजव्या सीटवर, काकूंच्या वजनाचं डाव्या. तुम्ही दोघं बसलात की दिवे सरळ. चुकेल कसं?"

काकांनी खिडकीतून आत वाकून डाव्या सीटवरच्या पोत्यावरून हात फिरवला.



"डाव्या सीटवरचं पोतं काढ, बाळा. आणि मग जुळव."