बठ्ठं शे

“पाठ देख आधार. देखीसन सांग.”

अमृत भिंतीकडे तोंड करून पडला होता. बघून सांग, एवढंच काय ते मागणं. पण आधारने पुढे केलेला हात मागे घेतला. एरंडोलहून पहाटेच्या एसटीने निघून, धुळ्याला गाडी बदलून तो नरडाण्याजवळच्या या खेड्यात आला होता, तो जुन्या दोस्ताशी चार गोष्टी बोलायला. आल्या आल्या अमृतने ‘जय भीम’ घातला होता, त्याने उलट ‘राम राम’ ठोकला होता. एकमेकांचा नमस्कार घालायचा, ही दोघांची पलटणीपासूनची गंमत. पुढे असं काही वाढून ठेवलं असेल हे त्याला कुठे ठाऊक?

अमृत, पॅराशूटच्या पलटणीतला हवालदार, आणि दीड वर्ष खाटेला खिळलेला! कमरेखाली त्याला कशाचीच जाणीव नव्हती. पडून पडून तिथे जखम झाली होती. ती दुखत नव्हती, म्हणून कळतही नव्हती. वास तेवढा यायचा. वास आला की सून हेमांगी अगरबत्ती लावायची. बायको भिकुबाई म्हणायची, सुकत आली. पट्टी बदलायला येणारा कंपाउंडर म्हणायचा, महिनाभरात बसाल उठून.

“बठ्ठा खोटं बोलतस,” अमृत म्हणाला. “जानं व्हई ते जासू. पन मले सांगा ते खरी!”

आधारने दाराकडे पाहिलं. उंबऱ्यात भिकुबाई उभी होती. तिने हात जोडले आणि मान हलवली. सांगू नका, आधारभाऊ.

अख्ख्या पलटणीत अहिराणी बोलणारे हे दोघेच. एका ताटात जेवले, एका तंबूत थंडीने कुडकुडले. विमानात उडीआधी सगळे रांगेत उभे राहायचे आणि प्रत्येकाने आपल्या पुढच्याची पाठ तपासायची. मानेपासून कमरेपर्यंत हात फिरवायचा, पट्टा न् पट्टा बघायचा, मग खांद्यावर थाप मारून ओरडायचं, “ओके!” आधार एकटा ओरडायचा, “बठ्ठं शे!” सगळं आहे, जागच्या जागी आहे. पोरं खो खो हसायची, उस्ताद शिव्या घालायचा, आणि पुढे उभा असलेला अमृत मान न वळवता म्हणायचा, “देखीसन सांग रे भो!”

त्या एका सकाळी मात्र आधारची गाळण उडाली होती. चांगल्या तिसेक उड्या मारलेला गडी, पण भीती काय सांगून येते? विमान हेलकावे खात होतं. त्याने डोळे गच्च मिटले होते. मिटल्या डोळ्यांनीच त्याने थाप मारली आणि ओरडला, “बठ्ठं शे!”

कसलं बठ्ठं! पॅराशूट उघडणारा पट्टा अमृतच्या बगलेखालून गेला होता. बाहेर पडताक्षणी त्या पट्ट्याने त्याचा डावा हात खांद्यातून निखळवला, छत्री वेडीवाकडी उघडली, आणि अमृत धोंड्यासारखा जमिनीवर आपटला, मणका दुखावला.

चौकशीत तो म्हणाला, “दारात मीच उलटा वळलो साहेब. पट्टा तेव्हा अडकला.” बिचाऱ्याला खरंच तसं वाटतंय, असं आधार धरून चालला आणि गप्प बसला. अमृतची ती शेवटची उडी. उरलेली बारा वर्षं त्याने स्टोअरमध्ये दुसऱ्यांच्या पॅराशूटच्या घड्या घालण्यात काढली. डावा हात पुन्हा कधी धड वर गेला नाही. म्हातारपणी तोच दुखावलेला मणका उलटला आणि पाय गेले. आधार मात्र सुभेदार होऊन घरी आला. दर हिवाळ्यात तो इथे यायचा. या वेळी सांगायचंच, असं ठरवून यायचा, आणि भरीत-भाकरी खाऊन तोंड पुसून परत जायचा. स्वतःची लाज वाटायची त्याला. पण तोंड उघडायचं नाही ते नाहीच.

आता तीच पाठ समोर होती. एक थाप मारायची आणि मोकळं व्हायचं. दोन शब्द जिभेवर तयार होते. दारातले हात अजून जोडलेलेच होते.

आधारने चष्मा काढून धोतराच्या सोग्याला पुसला आणि पुन्हा डोळ्यांवर चढवला. मानेपासून सुरुवात केली. एकेका मणक्यावरून हात खाली नेला. वाकडा मणका बोटांना लागला तिथे हात थांबला, मग पुढे सरकला. कमरेखालची पट्टी त्याने हलक्या हाताने सोडवली. वास भपकन अंगावर आला. त्याने डोळे मिटले नाहीत. तळहाताएवढी जागा काळी पडली होती आणि मधोमध काहीतरी पांढरं दिसत होतं. ते काय आहे याची खात्री होईपर्यंत तो बघत राहिला. मग पट्टी होती तशी लावली, सदरा खाली ओढला आणि अमृतच्या डाव्या खांद्यावर हात ठेवला. 

“नही रे भो,” तो म्हणाला. “बठ्ठं नही शे. हाड दिसी ऱ्हायनं.”

भिकुबाईने तोंडात पदर कोंबला.  यानंतर अमृत पाचच दिवस जगला. पण त्या क्षणी त्याने उजव्या हाताने आपला निकामी डावा हात उचलला, कसाबसा खांद्यापर्यंत आणला आणि आधारच्या हातावर ठेवला.

“त्या दिन नही, आज देखीसन सांगं तू.”