टाचा खाली

“आजोबा, टाचा खाली!” सहा वर्षांची नात ओरडली. दाराच्या चौकटीला टेकलेले आजोबा मुकाट्याने खाली आले.

वर्षातून एकदा आजी-आजोबा मुलाकडे राहायला आले, की चौकटीवर पेन्सिलीने नातीची उंची मांडली जायची. मागच्या वर्षी तिने हट्टाने आजोबांचीही मोजली होती. यंदा तिची रेघ चार बोटं वर गेली आणि आजोबांची अर्धं बोट खाली आली.

“ही पेन्सिलच बोथट आहे,” आजोबा म्हणाले.

“अहो, पेन्सिलीला कशाला नावं ठेवता? वय झालं म्हणा की!” आजी हसली.

नातीने मात्र दोन्ही रेघांवरून बोट फिरवलं. “आजोबा, तुमची उंची मी तर नाही ना घेतली?”

“घेतलीस तर घेतलीस. घरातच राहिली ना?”

तरी तिला चैन पडेना. तिने आपला नावडता दुधाचा कप आजोबांच्या हातात दिला. “आजपासून हे दूध तुम्ही प्यायचं!”

आजीने डोळे वटारले. दुधात दोन चमचे साखर होती आणि डॉक्टरांनी आजोबांना साखर बंद केली होती. तोवर कप रिकामा झालाही.

मिशीवरची साय पुसत आजोबा म्हणाले, “उद्या परत मोजू गं.”